सहा नंबरची आंघोळ

शनिवारी सकाळी नऊ वाजता वाचनालयातल्या कॉम्प्युटरच्या खोलीचं दार आतून बंद व्हायचं आणि दारावर पुठ्ठ्याची पाटी लागायची, ‘आंघोळ चालू आहे. दहाला या.’ नवीन सभासद ती वाचून दचकायचे. चिटणीसांकडे तक्रार घेऊन जायचे, की अहो, वाचनालयात हे काय चाललंय? चिटणीस मान वर न करता म्हणायचे, “मशीनची आंघोळ. काकूंची नाही.” तक्रार करणारा आणखीच गोंधळायचा. जुने लोक मात्र बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्राची पानं वाटून घेऊन निवांत बसायचे. दहाच्या आत ते दार कुणाच्या बापासाठी उघडणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

या काकू म्हणजे वाचनालयातल्या मदतनीस बाई. पुस्तकं झटकायची, परत आलेली जागच्या जागी लावायची आणि आठ कॉम्प्युटर सांभाळायचे, हे त्यांचं काम. लोक त्यांना अपडेटकाकू म्हणायचे, तोंडावरसुद्धा आणि पाठीमागेसुद्धा, कारण या बाईंना अपडेटचं वेड होतं. साधंसुधं नव्हे, चांगलं हाडात मुरलेलं. कुणी मोबाइल टेबलावर ठेवला आणि त्यावर ‘नंतर आठवण करा’ असं काही दिसलं, की काकूंच्या कपाळाला आठ्या. “नंतर म्हणजे कधी हो? चोर घरात शिरल्यावर?” ते बटण ज्यानं कुणी बनवलं त्याला समोर उभं करून चांगलं खडसवायची त्यांची फार इच्छा होती. ती पुरी झाली नाही, हे त्या माणसाचं नशीब.

हे वेड लावलं नवऱ्यानं. नवरा वायरमन. घरोघरचे दिवे, पंखे, जळलेले फ्यूज हाच त्यांचा धंदा, आणि सगळे त्यांना वायरमन म्हणूनच ओळखायचे. चारचौघांत काकूसुद्धा “आमचे वायरमन” म्हणायच्या.

वीसेक वर्षांपूर्वी कुठल्याशा कचेरीनं आपले आठ जुने कॉम्प्युटर वाचनालयाला देऊन टाकले. काय ते कॉम्प्युटर! पेटीएवढे पडदे, त्यांना मागे हे एवढं कुबड, आणि सुरू केले की पंखा असा घरघरायचा की शेजारच्या खोलीतले वाचक शू शू करायचे. एक पान उघडायला लावावं आणि तेवढ्यात खाली जाऊन चहा पिऊन यावं. चिटणीस म्हणाले, द्या भंगारात. वायरमन तेव्हा ट्यूबलाइट बदलायला शिडीवर चढले होते. तिथूनच म्हणाले, “चार दिवस द्या मला.” त्यांनी एका मासिकात लिनक्स नावाच्या फुकटच्या यंत्रणेबद्दल वाचलं होतं, मासिकाबरोबर सीडीही आली होती. मोडकळीला आलेल्या मशीनवरही हे चालतं, आणि कुणाच्या परवानगीची वाट बघावी लागत नाही, एवढंच त्यांना त्यातलं कळलं होतं आणि तेवढंच आवडलं होतं. चार दिवसांचे झाले चौदा. त्यातले पहिले दहा दिवस नुसत्या शिव्या ऐकू येत होत्या. पण पंधराव्या दिवशी आठही मशीन उठून बसली.

मग त्यांनी बायकोला शिकवलं. “ही काळी खिडकी. हिला घाबरायचं नाही. हिच्यात हुकूम लिहायचा आणि एंटर मारायचं. मग ती पासवर्ड विचारेल.” काकूंनी पासवर्ड टाइप केला, तर पडद्यावर काही म्हणजे काही उमटेना. पुन्हा केला. तरी काही नाही. काकूंनी काय करावं? कीबोर्ड उचलला, उलटा केला आणि चादर झटकावी तसा झटकला. त्यातून बिस्किटांचा चुरा पडला, केस पडले, एक टाचणी पडली. पासवर्ड काही पडला नाही. वायरमन हसून हसून जमिनीवर बसले. “अगं, तो दिसायचाच नसतो! दिसला तर पासवर्ड कसला?” पुढे कितीतरी वर्षं घरात काही सापडेनासं झालं, की वायरमन म्हणायचे, कीबोर्ड झटकून बघ.

ते दिवसच वेगळे होते. तेव्हा ब्राउझरला प्लगइनशिवाय, म्हणजे वरून जोडलेल्या तुकड्याशिवाय, पान हलायचं नाही. गाणं ऐकायचंय, प्लगइन. हलणारं चित्र बघायचंय, प्लगइन. नुसता अर्ज छापायचा तरी प्लगइन हजर. वायरमन म्हणायचे, “ब्राउझर हे घर आणि प्लगइन हा भाडेकरू. घराला तू कितीही कुलपं लाव, भाडेकरूनं मागचं दार सताड उघडं ठेवलं की संपलं. म्हणून दर आठवड्याला जायचं आणि भाडेकरूचं दार बघायचं.” मग शनिवार ठरला. आंघोळ हा शब्दही त्यांचाच. आधी यंत्रणा अपडेट करायची, मग ब्राउझर, मग एकेक प्लगइन उघडून बघायचं, नको असलेलं काढायचं, जुनं झालेलं नवं करायचं. काळ्या खिडकीतून अक्षरं सरसर वर जायची आणि काकू शेजारी उभ्या राहून पडदा पुसायच्या. आत आणि बाहेर, दोन्ही एकदम स्वच्छ. दोघं मिळून आठ मशीन तासात उरकायची आणि त्या तासात घरात बोलायला सवड न मिळालेलं सगळं बोलून व्हायचं. लग्नाला इतकी वर्षं होऊन गेल्यावर नवराबायकोला असा एक तास मिळणं ही चैनच म्हणायची. काकू नंतर एकदा म्हणाल्या होत्या, की आयुष्यातले सगळ्यात चांगले तास कुठले विचाराल तर मी शनिवारचे सांगेन.

एका थंडीत वायरमननी धडा बनवला. झालं असं, की नवीन माणूस आला की तेच ते विचारायचा, माउस कसा धरू, मोठं अक्षर कसं काढू, आणि काकू सांगून सांगून थकायच्या. वायरमन म्हणाले, माझा आवाज भरून ठेवतो, तोच सांगत बसेल. स्वयंपाकघराचं दार लावून, तोंडाशी माइक धरून त्यांनी एकेक वाक्य भरलं. मागे नळाखाली बादली भरत असल्याचा आवाज येतो, तो काही त्यांना काढता आला नाही. धडा ब्राउझरमध्येच उघडायचा, प्लगइनच्या जोरावर. इंटरनेट नको, काही नको, सगळं मशीनमध्येच. चित्रातलं बटण दाबलं की वायरमन बोलायचे, “छान. आता पुढचं.” चुकीचं दाबलं तर, “चुकलं. हरकत नाही, पुन्हा करा.” आणि शिकणारा मिनिटभर नुसताच बसून राहिला तर म्हणायचे, “काय हो, आहात ना? की चहाला गेलात?” हे वाक्य आलं की सगळी खोली हसायची. पोरंटोरं तर ते ऐकायला मुद्दाम हात बांधून बसायची.

अकरा वर्षांपूर्वी वायरमन गेले. शिडीवरून पडून नाही, विजेचा झटका बसून नाही, ज्याची काकूंना जन्मभर धास्ती होती त्यातलं काहीच नाही. साधा ताप आला, चार दिवस राहिला आणि घेऊन गेला. काकू महिन्याभरानं कामावर आल्या आणि त्या शनिवारी एकट्यानं आठ मशीन धुतली. तासाचे दोन तास लागले. रडल्या मात्र नाहीत. लोक म्हणाले, धीराची बाई आहे. धीर कसला! मशीनमध्ये नवरा बोलत होता, मग रडायचं कुणासाठी?

आणि मग दोन-अडीच वर्षांनी ते झालं. शनिवारच होता. एकपासून पाचपर्यंत आंघोळी उरकल्या, सहाला हात घालणार, तेवढ्यात पाच नंबरवर धडा सहज उघडून बघितला. पडद्यावर नुसता करडा चौकोन. खाली ओळ, की हे प्लगइन आता बंद झालं आहे. बनवणाऱ्यांनी ते सोडूनच दिलं होतं. भोकं फार, बुजवणार कोण? म्हणून नव्या ब्राउझरमधून ते कायमचं काढून टाकलं होतं. यात बनवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं, वायरमन असते तर त्यांनीही मान डोलावली असती.  काकूंनी पाचवर पुन्हा करून पाहिलं, चारवर करून पाहिलं. सगळीकडे करडा चौकोन. मग त्या सहाच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. सहाची आंघोळ व्हायची होती. सहामध्ये नवरा अजून होता.

लिनक्समध्ये एखाद्या वस्तूला होल्ड म्हणून सांगता येतं. म्हणजे अपडेट आलं तरी हिला हात लावू नकोस. वायरमननीच ते कधीतरी प्रिंटरच्या भानगडीत शिकवलं होतं. काकूंनी सहा नंबरच्या ब्राउझरला आणि प्लगइनला होल्ड लावला. इंटरनेटची वायर उपटली, गुंडाळली आणि मशीनच्या मागे ठेवून दिली. पडद्यावर कागद चिकटवला, ‘नादुरुस्त’. इतक्या वर्षांच्या नोकरीत त्या बाईनं लिहिलेली ही पहिली खोटी पाटी. मग सात आणि आठ धुतली, आणि दहाला दार उघडलं.

तेव्हापासून शनिवारचा शेवट ठरून गेला. सात मशीन झाली की काकू सहाचा कागद वर करायच्या, धडा लावायच्या आणि हात मांडीवर घेऊन बसायच्या. बटण दाबायच्या नाहीत. मिनिटभरानं वायरमन हाक मारायचे, आहात ना? काकू म्हणायच्या, “आहे हो.” पुन्हा मिनिटभर बसायच्या. कुणी म्हणेल, आवाज मोबाइलमध्ये भरून घ्यायचा, हाय काय अन् नाय काय. अहो, तेही केलं होतं त्यांनी. एका दुरुस्तीवाल्याकडून सगळी वाक्यं काढून घेतली. एक्केचाळीस निघाली. घरी जाऊन ऐकली तर एकामागून एक धडाधड, छान, चुकलं, पुढचं, आहात ना, छान, चुकलं. डोक्यात तिडीक गेली. मोबाइलमधला नवरा कुणासाठी थांबतच नव्हता. मशीनमधला थांबायचा. काकूंना हवं होतं ते थांबणं.

आता खिळेकाका. हे छापखान्यात खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर चिमटीत धरून ओळी लावायचे. चाळीस वर्षं अक्षरं उलटी वाचली, त्यामुळे सुलटं वाचताना त्यांना चूक अशी दिसायची की बोलायची सोय नाही. वाचनालयाची एकही सूचना त्यांच्या पेन्सिलीतून सुटली नव्हती. चिटणीस त्यांना बघून खोलीत जाऊन बसायचे. आणि स्मरणशक्ती तर विचारू नका. कुठलं पुस्तक कुठल्या वर्षी छापलं, कुणी जुळवलं, कितव्या पानावर कुठला खिळा तुटका होता, सगळं तोंडपाठ. बायको गेल्यानंतर दोन खोल्यांत एकटेच राहायचे. लेक दूर नोकरीला. दर बुधवारी तिची ई-मेल यायची आणि खिळेकाका येऊन एका बोटानं उत्तर लिहायचे. सात वर्षांची पत्रं त्यांनी एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवली होती. “एकसुद्धा उडवलेलं नाही,” असं अभिमानानं सांगायचे.

त्या बुधवारी कुठल्याशा परीक्षेच्या अर्जांचा शेवटचा दिवस होता. सातही मशीनवर मुलं चिकटलेली, मागे उभी रांग. खिळेकाका काठी टेकून दाराशी उभे. लेकीला मुलगी झाली होती आणि फोटो येणार होते. अर्धा तास उभे राहिले. मग काठीवरचे हात बदलले. मग पाय बदलला. काकूंना ते बघवेना. त्यांनी सहाचा कागद काढला, मागे हात घालून वायर लावली आणि म्हणाल्या, “काका, या इकडे. दहा मिनिटंच हं.”

“अरे वा! हे नादुरुस्त होतं ना?”

“झालं दुरुस्त,” काकू म्हणाल्या आणि रांगेतल्या भांडणाकडे धावल्या.

दहाची चाळीस मिनिटं झाली. नात बघून झाली, उत्तर लिहून झालं. त्यातच ओळखीच्या कुणाच्या तरी नावानं आलेलं एक शुभेच्छापत्र होतं, उघडलं की फुलं हलणारं. दुसऱ्या कुठल्याही मशीनवर ते उघडलंच नसतं. सहावर उघडलं. फुलं हलली. खिळेकाका खूश होऊन घरी गेले. काकूंनी वायर काढली आणि कागद पुन्हा चिकटवला.

पुढच्या बुधवारी खिळेकाकांचा पासवर्ड लागेना. दोन दिवसांनी लेकीनं तिकडून खटपट करून त्यांची मेल सोडवून आणली, तेव्हा कळलं, की काकांच्या नावानं सगळ्या ओळखीपाळखीच्या लोकांना भलतीच पत्रं गेली होती. आणि तो फोल्डर रिकामा. सात वर्षांची पत्रं साफ.

चिटणीस म्हणाले, “वय झालं की होतं असं. सांगितला असेल कुणाला तरी पासवर्ड.” लेक फोनवर म्हणाली, “बाबा, नीट आठवा, कुणाला बोलला होता का?” ती रागावून म्हणाली नव्हती, घाबरून म्हणाली होती. काका आधी ठाम होते, की छे, शक्यच नाही. पण चार जणांनी तेच विचारलं तेव्हा डगमगले. त्यातच एक दिवस किल्ली घरात राहिली, एक दिवस दूध उतू गेलं. अहो, तुमच्याआमच्या घरी रोज जातं! पण त्यांनी धसकाच घेतला. मग ते एकेकाला गाठून विचारायला लागले. न्हाव्याला विचारलं, दूधवाल्याला विचारलं. काकूंनाही विचारलं, पुस्तकांच्या कपाटाशी उभं राहून, अगदी हळू आवाजात. “काकू, मी कधी तुम्हाला माझा पासवर्ड सांगितला होता का? मला आठवत नाही हो.”

“नाही काका,” काकू म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

कारण तोवर त्यांना कळलं होतं. शनिवारी सहाचा कागद वर करून त्यांनी ब्राउझरमध्ये कधी काय उघडलं होतं ते बघितलं, आणि ती फुलं सापडली, जुन्या प्लगइनवर हललेली. पासवर्ड त्यांच्याआडूनच चोरीला गेला होता. तारीख तीच, वेळ तीच. भाडेकरूनं मागचं दार उघडं टाकलं होतं आणि त्या भाडेकरूला नऊ वर्षं कुणी ठेवून घेतलं होतं, ते सांगायला दुसरं कुणी नको होतं.  सवयीनं काकूंनी धडा लावला आणि भलतंच बटण दाबलं गेलं. “चुकलं,” वायरमन म्हणाले. “हरकत नाही, पुन्हा करा.” काकूंनी पहिल्यांदाच त्यांचं बोलणं मध्येच तोडून मशीन बंद केलं.

सांगितलं तर काय होईल, ते त्यांना स्पष्ट दिसत होतं. नोकरीची भीती नव्हती, निवृत्तीला दीड वर्षच उरलं होतं. पण ज्या मशीनमध्ये कुणी शिरलं, त्याचे डाग काढत बसायचं नसतं. ते पुसून पहिल्यापासून नवं बसवायचं, हा वायरमनचाच नियम. म्हणजे धडा गेला. न सांगावं तर नवरा राहतो आणि एक भला माणूस आपण वेडे होत चाललो म्हणून झुरत राहतो. काकूंनी दोन आठवडे रोज ठरवलं, उद्या सांगते. उद्या! आयुष्यभर लोकांना ‘नंतर’वरून झाडलेली बाई ही.

मग एका शनिवारी पावणेदहाला, पाटी लागलेली असताना, दारावर काठीचा आवाज आला. काकूंनी दार किलकिलं केलं. बाहेर खिळेकाका, हातात दोन पुस्तकं आणि सभासदाचं कार्ड.

“वेळ नाही ती, ठाऊक आहे मला,” ते म्हणाले. “पण उद्या लेक न्यायला येतेय. आता तिच्याकडेच राहायचं म्हणते. खोल्या सोडतोय. म्हटलं, कार्ड तुमच्याच हातात द्यावं.”

“तुम्हाला जायचंय का?”

“माझ्या जायच्या-न जायच्याचं काय आता. डोकं चालेनासं झालेल्या माणसानं एकटं राहू नये. पत्रं गेली, उद्या गॅस चालू राहायचा.” त्यांनी कार्ड पुढे केलं.  “छापखान्यात मी कधी एक मात्रा विसरलो नाही हो काकू. एक मात्रा नाही.”

काकूंनी कार्ड घेतलं नाही. म्हणाल्या, “आत या. बसा.” काकांनी कार्ड टेबलावर ठेवलं आणि काकूंनी त्यांना बसवून सांगितलं. सगळं सांगितलं. होल्ड सांगितला, खोटी पाटी सांगितली, फुलं सांगितली. शब्द पुसट केला नाही आणि आवाजही खाली आणला नाही. “तुम्ही कुणाला काही बोलला नाहीत काका. तुम्ही काहीही विसरला नाहीत. मी तुम्हाला घाण मशीनवर बसवलं. ते घाण आहे हे मला ठाऊक होतं.”

खिळेकाका पुढे झुकले. मग म्हणाले, “म्हणजे मी विसरलो नव्हतो?”

“नाही.”

“नक्की?”

“नक्की काका.”

ते हसले. खरंच हसले, तोंडभर. आणि मग एकदम त्यांचा चेहरा लालबुंद झाला. “दोन आठवडे!” त्यांनी काठी जमिनीवर आपटली. “दोन आठवडे सकाळी उठून मी पाढे म्हणून बघतोय, अजून येतात का म्हणून! बायकोचा चेहरा आठवतो का ते बघतोय! आणि तुम्ही, काकू, तुम्हाला मी इथे उभं राहून विचारलं, आणि तुम्ही नुसतं नाही म्हणालात?” बाहेरच्या बाकावरचे लोक वर्तमानपत्र खाली करून उठले. चिटणीस आले. काकूंनी मान खाली घातली नाही. बोलून घेऊ दिलं, सगळं ऐकून घेतलं. ते ऐकणं त्यांच्या वाट्याचंच होतं.

राग ओसरल्यावर काकांनी मोबाइल काढला, लेकीला लावला आणि काकूंच्या हातात दिला. “तिला सांगा. मला सांगितलंत तसंच.” काकूंनी सांगितलं. पलीकडे लेक रडायला लागली. म्हणाली, “मी बाबांवर विश्वासच ठेवला नाही हो.” काका मोबाइल घेऊन खिडकीशी गेले. पाठमोरेच बोलले, “नको येऊस उद्या. म्हणजे ये, बाळाला घेऊन ये. पण न्यायला येऊ नकोस.”

काकू तेवढ्यात सहासमोर बसल्या होत्या. नव्या लिनक्सचा पेनड्राइव्ह त्यांनी मशीनला लावला होता. चिटणीस दाराशी येऊन म्हणाले, “आजच कशाला? सोमवारी करा.” काकूंनी त्यांच्याकडे असं बघितलं की ते गेलेच.

खिळेकाका येऊन शेजारच्या खुर्चीत बसले. रागात होते, तरी घरी गेले नाहीत. “काय आहे त्यात एवढं? ऐकू द्या एकदा मलाही.”

काकूंनी धडा लावला. काकांनी एका बोटानं एकेक बटण दाबत तो पुरा केला. त्यांची एकही चूक झाली नाही. वायरमन दर वेळी छान म्हणाले. मागे बादली भरत होती. शेवटचं छान झाल्यावर काका म्हणाले, “काकू, हे असं करा. मशीन घरी घेऊन जा. मी बोलतो चिटणीसांशी. वायर कापूनच टाकू.”

“घरी नेलं तर मी त्याच्यापुढून उठायची नाही,” काकू म्हणाल्या. “मला मी चांगली ठाऊक आहे. नऊ वर्षं त्या सात मशीनच्या रांगा बघत मी हे एक मशीन अडवून बसलेय. आणि पुन्हा कधी कुणाची दया आली की पुन्हा वायर लावीन.”

त्यांनी मशीन बंद करून पेनड्राइव्हवरून सुरू केलं. पडद्यावर प्रश्न आला, की डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? काकूंचं बोट एंटरवर होतं. चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या, पण ते बटण शोधायला त्यांना डोळे लागत नव्हते.

“जुळवलेलं पान छापून झालं की आम्ही ते मोडायचो,” काका म्हणाले. “संध्याकाळपर्यंत सगळे खिळे आपापल्या खणात. नाहीतर दुसऱ्या दिवशी अक्षरं कुठून आणायची?”

“तुम्ही जरा गप्प बसा काका,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी एंटर मारलं.

पुसायला मिनिटही लागलं नाही. लिनक्स बसायला अर्धा तास लागला आणि त्या अर्ध्या तासात काकू रडल्या. अकरा वर्षं राहून गेलेलं सगळं रडल्या, नाक ओढत, आवाज करून, वाचनालयात. “गेले हो,” म्हणाल्या, “आमचे हे गेले.” बाहेर दहा वाजून गेले होते, पण दार कुणी ठोठावलं नाही. खिळेकाकांनी समजूत काढली नाही. ते पडद्याकडे बघत शेजारी बसून राहिले.

नवा ब्राउझर उघडला. प्लगइनच्या यादीत काही नव्हतं. काकूंनी डोळे पुसले, मागे हात घालून वायर लावली आणि पहिली आंघोळ घातली. मग पडद्यावरचा ‘नादुरुस्त’ कागद फाडून टोपलीत टाकला.

काका काठी घेऊन उठले. सभासदाचं कार्ड त्यांनी टेबलावरून उचलून पुन्हा खिशात घातलं.

“मी तुमच्यावर अजून रागावलोय,” ते म्हणाले.

“असू दे.”

“बुधवारी येईन. याच मशीनवर बसेन.”

“या,” काकू म्हणाल्या.